नरखेडची वाहने: रेंगीपासून लिलावातल्या जीपपर्यंत

ज्या प्रदेशाचे मुख्य उत्पन्न नाशवंत आहे, त्या प्रदेशाचा इतिहास त्याच्या वाहनांना वगळून लिहिता येणार नाही. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, वर्धा नदीच्या पूर्व तीराला लागून वसलेला नरखेड तालुका हा असाच एक प्रदेश होय. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव यांच्या शिवारांत संत्र्याचे बगीचे आहेत. आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहाराचे होळीच्या आगेमागे उतरते. आणि फळ देठावरून सुटल्यावर त्याची मुदत सुरू होत असल्यामुळे, बागाईतदाराच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल पुष्कळ अंशी ते फळ कोणत्या गाडीतून, किती वेळात आणि कोणत्या स्थितीत बाजारात पोहोचते यावर ठरत आले आहे. म्हणूनच येथे जुन्या गाडीविषयी जी आत्मीयता आढळते, ती महानगरातल्या हौशी संग्राहकाच्या आत्मीयतेहून निराळ्या जातीची आहे; आणि कोणते वाहन अभिजात म्हणावे, या प्रश्नाचे उत्तरही येथे निराळे मिळते.

मोटारीच्या आधी येथे ओझ्यासाठी बंडी होती आणि माणसांसाठी रेंगी. रेंगी हलकी, अरुंद, दोन-तीन माणसांपुरती. तिला जुंपायचे ते गवळाऊ जातीचे पांढरे, लांबट, चपळ पायांचे बैल. वर्धा, नागपूर आणि छिंदवाडा हा या जातीचा मूळ मुलूख असून, मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ वाटांनी त्वरेने रसद पोहोचविता यावी म्हणून तिची जोपासना झाली, अशी परंपरा सांगितली जाते. नरखेडपासून फार दूर नसलेल्या, वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर ही जात आजही सांभाळली जाते. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यासमोर उभी असलेली छताची, गादीची, घुंगुरमाळांच्या बैलांची रेंगी ही त्या काळी प्रतिष्ठेची खूण होती, हे खरे. परंतु तिचे खरे वैभव तिच्या चाकात होते. बाभळीच्या लाकडाचे आरे आणि पाट्या, मधोमध तुंबा, धावड्याचा चिवट कणा, आणि या सर्वांना वेढणारी लोखंडी धाव. ही धाव भट्टीत लाल होईपर्यंत तापवावयाची, प्रसरण पावलेल्या स्थितीत ती लाकडी चाकावर चढवावयाची आणि लगेच पाणी ओतून तिला आकसू द्यावयाचे, म्हणजे ती लाकडाचा सांधा न् सांधा आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव ढिली झाली तर चाक पाण्यात भिजत घालावे, हे ज्ञान गाडीवानाच्या पोरालाही असे. वाढई आणि लोहार हे दोघे मिळून गावातल्या गावात संपूर्ण वाहन जन्माला घालीत आणि संपूर्ण वाहन दुरुस्त करीत. त्याचा एकही भाग असा नव्हता की ज्यासाठी गावाबाहेरच्या माणसाचे तोंड पाहावे लागावे. पुढे जी जी वाहने या तालुक्याने मनापासून आपली मानली, ती सर्व याच कसोटीला उतरलेली होती, असे मला वाटते.

रेल्वे नागपुरास १८६७ मध्ये पोहोचली. परंतु नरखेडला तिचे दर्शन व्हावयास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. नागपूर-इटारसी लोहमार्ग १९२३ ते १९२५ या काळात बांधला गेला, आणि १९२९ पासून ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस या मार्गाने धावू लागली. दक्षिणोत्तर हिंदुस्थानच्या या हमरस्त्यावर काटोल आणि नरखेड ही स्थानके आली, तेव्हा त्यांच्या अवतीभोवतीचा बगीचा दिल्लीच्या बाजाराशी जोडला गेला. बंडी मात्र निकालात निघाली नाही. शिवारापासून फलाटापर्यंतची वाट तिचीच राहिली. आणि पांदणीतून, पावसाळ्यात चाकाला घट्ट धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीतून संत्र्याच्या टोपल्या काढणे हे आगगाडीहून कठीण काम तिनेच केले. नंतर तिला हवेचे टायर आले आणि वाढयाचे निम्मे काम गेले.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात, ज्यात तेव्हा हा तालुकाही होता, मालगुजारी संपुष्टात आली. त्या सुमारास सत्तेचे वाहनही बदलले. मुंबईत माझगाव येथे महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर जीप हे विकास खात्याचे अधिकृत वाहन बनले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर पंचायत समितीच्या कचेरीपुढे जीप उभी असणे हे राज्यकारभाराचे नित्याचे चित्र झाले. पाटबंधारे, आरोग्य, महसूल, शेती या प्रत्येक खात्याचा माणूस गावात शिरला तो जीपमधून शिरला. चारही चाकांना जोर देणारा तिचा दांडा ओढला की ज्या नाल्यात बैलही बिचकत, तो नाला ती पार करी. आणि रेंगीनंतर पांदणीला न घाबरणारे माणसांचे पहिले वाहन म्हणून लोकांनी तिला मनोमन मान्यता दिली.

परंतु जीप खऱ्या अर्थाने लोकांची झाली ती सरकारदरबारातून निवृत्त झाल्यावर. ठराविक आयुष्य संपले की खाते ती दप्तरातून निर्लेखित करी आणि जाहीर लिलावात काढी. हा लिलाव म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या वाहन-इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण आहे. नवी मोटार घेणे ज्याच्या ऐपतीबाहेर होते, आणि परवाना-पद्धतीच्या त्या काळात ऐपत असली तरी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत होती, तो मध्यम बागाईतदार या लिलावात उभा राहिला आणि सरकारची टाकाऊ जीप बोलीत जिंकून घरी घेऊन आला. १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा पेट्रोल पिणारे तिचे मूळ इंजिन परवडेनासे झाले. मिस्त्र्याने ते उतरविले आणि त्या जागी डिझेलचे इंजिन बसविले. इंजिन बदलले म्हणून त्याच्या बैठका बदलल्या, बैठका बदलल्या म्हणून चौकटीला जोड द्यावे लागले, वजन वाढले म्हणून पाट्यांच्या स्प्रिंगांत एकेक पान वाढविले गेले. मागे समोरासमोर दोन बाक आले, वर ताडपत्री आली, पाठीमागे ट्रॉली जोडण्यासाठी आकडा आला. तोडणीचे मजूर सकाळी बगीच्यात नेणे, दुपारी खताची पोती आणणे, बाजाराच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना काटोलला पोहोचविणे आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, ही सारी कामे एकाच गाडीने केली. काही वर्षांनी त्या गाडीत कारखान्यातून आलेले असे फार थोडे उरे. पण तिच्या प्रत्येक बदलामागे एक प्रसंग, एक गरज आणि एका कारागिराचा हात असे.

मालमोटारीची कथा जीपच्या कथेला समांतर आहे. जमशेदपूरहून १९५४ पासून टाटा-मर्सिडीज-बेंझच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. मालमोटारीचा सांगाडा विकत घ्यावयाचा आणि तिचा लाकडी हौदा आपल्याकडच्या कारागिराकडून बांधून घ्यावयाचा, असा प्रघात होता. त्यामुळे धाव बसविणाऱ्या हातांना पुन्हा काम मिळाले. हौद्यात भाताचे तणस अंथरून त्यावर संत्रा रचावयाचा, थरावर पुन्हा तणस घालावयाचे, वारा खेळता ठेवावयाचा आणि तरीही फळ हलू द्यावयाचे नाही, ही एक स्वतंत्र विद्या होती. बाजाराच्या दिशेने रात्रभर धावणारी ती मालमोटार म्हणजे अनेक कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न चाकांवर होते. एस.टी.ने तर तालुक्याचे घड्याळच लावून दिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले, आणि नागपूरजवळच्या हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळेत बांधलेल्या लाल गाड्यांनी नरखेड-मोवाडची मुले काटोल-नागपूरच्या महाविद्यालयांत नेली.

आता या वाहनांना अभिजाततेच्या प्रस्थापित व्याख्या लावून पाहाव्या. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध यात्रेत १९०५ पूर्वीच्याच मोटारींना प्रवेश आहे. १९३४ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने आपली सीमारेषा १९३० च्या अखेरीस आखली. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय संघ फिवा हा १९६६ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या लेखी तीस वर्षांचे, मूळ स्वरूप राखलेले, दैनंदिन वापरातून मुक्त झालेले वाहन ऐतिहासिक ठरते. आपल्याकडे स्टेट्समन पत्राने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या मोटारींची यात्रा सुरू केली आणि संस्थानिकांच्या गाड्या लोकांच्या दृष्टीस पडल्या. कायद्याने मात्र या विषयाची दखल घेतली ती जुलै २०२१ मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील त्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, खाजगी वापराच्या दुचाकीला व चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. तिच्या सांगाड्यात, अंगबांधणीत वा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसावा. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. आणि प्रदर्शन, यात्रा, संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती याखेरीज ती रस्त्यावर आणावयाची नाही.

या नियमाचा हेतू चांगला आहे आणि त्याने पुष्कळ मौल्यवान मोटारी भंगारापासून वाचतील, याविषयी मला शंका नाही. परंतु नरखेडच्या दृष्टीने पाहता तो सर्वस्वी अपुरा आहे. एस.टी. व्यावसायिक, म्हणून ती बाद. संत्र्याची मालमोटार व्यावसायिक, म्हणून तीही बाद. लिलावातल्या जीपचे इंजिन बदललेले, बांधणी फिरविलेली, म्हणून तीही बाद. ज्या वाहनांनी या तालुक्याला बाजारपेठ दिली, शाळा दिली, दवाखाना दिला, त्यांतले एकही या दाखल्याला पात्र ठरत नाही. आणि ज्या मोटारीने गॅरेजच्या सावलीत पन्नास वर्षे अंग मोडून घेतले नाही, ती सहज पात्र ठरते. मूळ स्वरूप अबाधित राहणे हा चित्राचा किंवा ताम्रपटाचा गुण असेल. वाहन हे वापरण्यासाठी जन्मते, आणि वापरणाऱ्यांनी त्यात केलेला प्रत्येक बदल हा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. रेंगीच्या जुन्या तुंब्याला नवे आरे बसविले म्हणून कोणी तिला खोटी रेंगी म्हटले नाही.

जुन्या गाड्यांच्या स्मरणरंजनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की, माणसे आपल्या तारुण्याची आठवण काढतात आणि तिला गाडीचे नाव देतात. त्यात तथ्य आहे. जीपची बैठक कठीण होती, पावसात एस.टी.च्या खिडक्या गळत, डिझेलचा धूर छातीत जाई. त्या त्रासांची ओढ कोणालाही नाही. तरीही आक्षेप अपुरा आहे, कारण वडिलांनी लिलावात घेतलेली जीप ज्यांच्या वाट्याला केवळ दुरुस्तीसाठी आली, अशी तिशीतली मुलेही ती विकत नाहीत. ती मुले झाकण उघडतात, आत काय चालले आहे ते त्यांना डोळ्यांनी दिसते, बिघाड हाताला लागतो, आणि तो दुरुस्त करणारा मिस्त्री त्यांच्याच गावचा असतो. आजच्या मोटारीचा बिघाड संगणकाला विचारावा लागतो आणि तो संगणक दूरच्या शहरात असतो. दसऱ्याला झेंडूचे तोरण दोन्ही गाड्यांना बांधले जाते. परंतु ज्या यंत्राचे अंतरंग आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी जडणारा संबंध वेगळा असतो.

बैलगाडीला निदान शंकरपटाने, म्हणजे बैलांच्या शर्यतींनी, आश्रय दिला. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबविल्या होत्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शर्यतीचा छकडा ही बंडीची किंवा रेंगीची सर्वांगीण स्मृती नव्हे, आणि बैलांच्या क्लेशांचा प्रश्न त्या निकालानेही कायमचा मिटलेला नाही. तथापि जोडीची निवड, जुंपणे आणि हाकणे यांचे ज्ञान त्या निमित्ताने पुढच्या पिढीत उतरत आहे. जीपला आणि एस.टी.ला तसा आश्रय नाही. उलट १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य सरकारांच्या, स्थानिक संस्थांच्या आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढे चालत नाही; ती नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात. धुराचा विचार करता हा हुकूम योग्यच आहे. पण ज्या लिलावाच्या वाटेने सरकारी जीप शेतकऱ्याच्या अंगणात आली, ती वाट त्याने बंद केली, आणि पंधराव्या वर्षी मोडीत जाणाऱ्या बसला पन्नासावे वर्ष कधीच दिसणार नाही.

रस्त्यावर न येणाऱ्या वाहनाला नोंदणीची गरज नसते, आणि धूर न सोडणाऱ्या वाहनाला प्रदूषणाचा नियम लागू पडत नाही. तेव्हा मोडीच्या केंद्राकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी काटोल आगाराची एक लाल बस आणि पंचायत समितीची एक जुनी जीप शासनाने खास परवानगीने वगळावी, तेलपाणी काढून त्या नरखेडातच छपराखाली उभ्या कराव्या, त्यांच्या शेजारी लाकडी हौद्याची एक मालमोटार आणि बाभळीच्या चाकांची एक रेंगी ठेवावी, एवढी ही मागणी आहे. त्यांना नव्या रंगाचा हात देऊ नये. जोडलेली पट्टी, बदललेले इंजिन, वाढविलेले पान जसे असेल तसे राहू द्यावे, आणि प्रत्येक दुरुस्ती कोणी, कोणत्या वर्षी आणि कशासाठी केली, याची नोंद अजून हयात असलेल्या मिस्त्र्यांना व वाढयांना विचारून, त्यांच्या नावांसह, त्याच जागी एका वहीत करून ठेवावी.