बागेतला वाचक

वाचन हा आपण एकट्याचा छंद मानतो. पुस्तक, वाचक आणि भोवतीची शांतता. तिथे आणखी कोणी आले तर अडचणच! पण थोर वाचकांची चरित्रे चाळली की वेगळेच काही ध्यानात येते. वाचकाला बसायला जागा लागते, जागायला दिवा लागतो आणि हाती पुस्तक ठेवणारे कोणीतरी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वाचनाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे वडील रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईला, परळच्या चाळीत राहायला आले. खोली एकच. स्वयंपाक, सरपण, झोपणे सारे तिथेच. मुलाने लवकर झोपावे, रामजींनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग त्याला उठवून त्याच्या जागी आपण आडवे व्हावे, असा शिरस्ता पडला. मुलाला पुस्तक हवे आणि हाती पैसे नाहीत, असे झाले की रामजी लेकीचा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत.

शाळेत संस्कृत शिकायची त्यांची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून ते दार बंद होते. फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवले.

घरात निवांतपणा नाही म्हणून हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळूसकर हे शिक्षक आणि लेखकही येत. रोज पुस्तकात बुडालेला मुलगा पाहून त्यांनी चौकशी केली आणि ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. तिथे केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला तोही केळूसकरांनीच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

मग १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आले. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी ढीगभर पुस्तके जमवली. १९२० नंतर लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी जात, ते दार बंद होताना उठत. १९३०च्या दशकात दादरला राजगृह उभे राहिले तेही ग्रंथांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. १९४६ साली त्यांच्या संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि त्यांच्या संग्रहातील बरेच ग्रंथ पुढे तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती आले. ज्याला बागेत बसून वाचावे लागले, त्याने इतरांसाठी वाचनाची जागा करून ठेवली.

१९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना त्यांनी त्या जुन्या भेटीची आठवण नोंदवली. एक पुस्तक जवळजवळ पन्नास वर्षे मनात काम करीत होते. केळूसकरांनी ते दिले तेव्हा त्याचे काय होईल हे त्यांना कुठे ठाऊक होते?

आज पुस्तके मोबाइलवरही मिळतात. पण एका खोलीत सहा माणसे राहतात अशी घरे आजही आहेत आणि त्या घरांतही वाचणारी मुले आहेत. आपल्या वस्तीतल्या वाचनालयाचा दिवा रात्री किती वाजेपर्यंत चालू असतो, एवढे तरी आपण पाहून यावे. आणि जमले तर जाताना एखादे पुस्तक बरोबर न्यावे.