स्तनाचा प्रगत कर्करोग : संयुक्त केमोथेरपी केव्हा?

स्तनाचा कर्करोग हाडे, यकृत, फुप्फुसे किंवा मेंदूपर्यंत पसरला, की तो चौथ्या टप्प्याचा मानला जातो. या टप्प्यावर आजार सहसा समूळ बरा होत नाही. मात्र तो आटोक्यात ठेवणे, वेदना कमी करणे आणि आयुष्य वाढविणे शक्य असते.

संयुक्त केमोथेरपीत दोन किंवा अधिक औषधे एकाच चक्रात दिली जातात. प्रत्येक औषध कर्कपेशींवर वेगळ्या मार्गाने आघात करते. डॉक्सोरुबिसिन पेशीच्या डीएनएला इजा करते, तर पॅक्लिटॅक्सेल पेशीचे विभाजन रोखते. अनेक पद्धतींत चक्र तीन आठवड्यांचे असते.

औषधे अधिक म्हणजे आयुष्य अधिक, असे मात्र नाही. ही दोन औषधे एकत्र आणि स्वतंत्रपणे देऊन अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकत्र औषधे घेणाऱ्या ४७ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. एकच औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ३४ ते ३६ टक्के होते. आयुर्मानात मात्र वाढ दिसली नाही. त्यामुळे आज बहुतेक रुग्णांना एकामागून एक औषध दिले जाते. यकृत वा फुप्फुसांचे कार्य धोक्यात आल्यास व तातडीने परिणाम हवा असल्यास संयुक्त उपचार निवडतात. हार्मोन रिसेप्टर असलेल्या गाठींत प्रथम हार्मोन उपचारांचा, तर हर-२ असलेल्या गाठींत ट्रॅस्टुझुमॅबसारख्या औषधांच्या जोडीचा विचार होतो.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००५ ते २०१३ या काळात ३५० महिलांवर महत्त्वाची चाचणी झाली. केमोथेरपीला प्रतिसाद मिळाल्यावर स्तनाची शस्त्रक्रिया व रेडिएशन केल्यास आयुष्य वाढते का, हा प्रश्न होता. मध्यमान आयुर्मान शस्त्रक्रियेच्या गटात १९.२ महिने, तर दुसऱ्या गटात २०.५ महिने आढळले. सरसकट शस्त्रक्रियेचा लाभ दिसला नाही.

कोपर स्थानकातून धिम्या लोकलने परळला थेट जाता येते. कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवासाची मुभा आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे गर्दी टाळणे श्रेयस्कर. ताप ३८ अंश सेल्सियसवर गेल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्वरित रुग्णालय गाठावे.