परिचर्याशिक्षणातील अनुत्तीर्णता : रुग्णकक्षापासून दूरशिक्षणापर्यंत

महाराष्ट्रातील परिचर्याशिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थांच्या स्थापनेच्या आणि पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थिनींच्या अनुषंगाने सांगितला जातो. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही. वस्तुतः शिक्षणपद्धतीची खरी कसोटी येथेच लागते. विद्यार्थिनी मागे पडत आहे हे कोणाच्या, केव्हा ध्यानात येते आणि त्यानंतर तिच्यासाठी कोणती वाट मोकळी राहते, यावर त्या पद्धतीचे स्वरूप ठरते. या दृष्टीने पाहिल्यास गेल्या सुमारे दीडशे वर्षांत परिचर्याशिक्षणात एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडलेले दिसते. अपयश ओळखण्याचे स्थान रुग्णकक्षातून परीक्षामंडपाकडे आणि तेथून टपालाने अथवा पडद्यावर येणाऱ्या गुणपत्रिकेकडे सरकत गेले.

आधुनिक परिचर्याशिक्षणाचा प्रारंभ लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे निघालेल्या विद्यालयापासून मानला जातो. तेथे उमेदवार परिचारिका रुग्णालयाच्या आवारातच राहत असे. तिचे वर्तन, हातोटी व नियमितपणा यांची नोंद कक्षप्रमुख परिचारिका ठराविक नमुन्यात करीत असे. लेखी परीक्षेस तेथे गौण स्थान होते. पुढे १८८७ मध्ये ब्रिटिश परिचारिकांच्या संघटनेने नोंदणीपटाची मागणी केली, तेव्हा नाइटिंगेल यांनी तीस विरोध केला. चांगल्या परिचारिकेचे गुण परीक्षेने मोजता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा अखेर १९१९ मध्ये झाला. या वादात दोन्ही पक्षांकडे तथ्य होते. नोंदणीपटाने अप्रशिक्षित व्यक्तींपासून रुग्णांचे संरक्षण झाले. परंतु त्याबरोबरच ‘अनुत्तीर्ण’ हा शिक्काही कायमचा झाला.

मुंबई इलाख्यात १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. एडिथ पीची यांच्या पुढाकाराने तेथे परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांनी सेवासदन उभे राहिले. या संस्थेने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी आपल्या विद्यार्थिनी पाठविल्या. त्या काळी उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत हा व्यवसाय हलका समजला जाई. शिक्षणासाठी येणाऱ्या स्त्रियांत विधवांचा भरणा बराच होता आणि अनेकींचे शालेय शिक्षण अपुरे होते. अशा विद्यार्थिनींना थेट परीक्षेस बसविले असते, तर पुष्कळशा अनुत्तीर्ण झाल्या असत्या. सेवासदनाने प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग चालविले आणि राहण्याची सोय केली. आधी पाया भरून काढावा व मग रुग्णालयात पाठवावे, हा क्रम अपयश टाळण्याचा एक समंजस उपाय होता. त्यात शिक्षण व निवास यांची सांगड होती आणि विद्यार्थिनी एकटी पडत नव्हती.

शासकीय नियमनाचा काळ यानंतर आला. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एकच परिचारिका असल्याचे नमूद केले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि अभ्यासक्रमास देशभर एक किमान मर्यादा लाभली. महाराष्ट्र राज्याचा स्वतंत्र कायदा १९६६ चा आहे. या सर्व नियमनाचा हेतू रुग्णाच्या सुरक्षिततेचा असल्याने नियम कडक होणे स्वाभाविक होते. परिषदेच्या पूर्वीच्या पदवी अभ्यासक्रमात लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागे आणि एकीत अपयश आल्यास दोन्ही पुन्हा द्याव्या लागत. औषधाची मात्रा पाठ असून ती देता न येणे, अथवा देता येऊन तिचे कारण न कळणे, दोन्ही धोक्याचेच, हे या नियमामागील तत्त्व होय. मात्र विद्यार्थिनीच्या दृष्टीने अर्धे अपयश येथे पूर्ण अपयश ठरे, हेही विसरून चालणार नाही.

मराठवाड्यात या प्रश्नास आणखी एक पदर होता. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. त्यामुळे मराठी घरातील विद्यार्थ्यास विषयाबरोबर भाषाही सर करावी लागे. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० नंतरच्या दशकातील. तर राज्यभरच्या परिचर्या महाविद्यालयांस एका छत्राखाली आणणारे आरोग्यविज्ञान विद्यापीठ नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झाले. उर्दूची जागा पुढे इंग्रजीने घेतली, परंतु भाषेचा अडसर कायम राहिला. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीचे शरीरक्रियाशास्त्रातील अपयश पुष्कळदा विषयाचे नसून परिभाषेचे असते. दोहोंवरील उपाय भिन्न असल्याने हा भेद प्रारंभीच ओळखणे अगत्याचे ठरते.

पदवीस्तरावरील शिक्षण मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयाने १९६४ पासून उपलब्ध केले. परंतु नोकरीत असलेल्या पदविकाधारक परिचारिकेस घरदार व पगार सोडून मुंबई गाठणे कठीण होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये सेवेतील नोंदणीकृत परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला, तो ही अडचण ध्यानी घेऊन. मुद्रित पाठ, स्वाध्याय, प्रत्यक्ष संपर्कवर्ग आणि जून व डिसेंबरमधील सत्रान्त परीक्षा अशी त्याची रचना होती. अनुत्तीर्ण विषय पुढील सत्रात पुन्हा देता येई. मात्र एकूण मुदतीस मर्यादा होती. या सवलतीने दार उघडले, पण कक्षप्रमुखाची नजर नाहीशी झाली. आपण मागे पडत आहोत, ही वार्ता विद्यार्थिनीस पहिल्यांदा निकालातूनच कळू लागली.

बीड जिल्ह्यातील कपिलधारचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. मांजरसुंब्याजवळचे हे स्थान मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव समाजाचे मोठे तीर्थ आहे आणि कार्तिक पौर्णिमेस तेथे दूरदूरहून यात्रेकरू येतात. यात्रेच्या दिवसांत परिसरातील आरोग्यसेवेवर अधिक भार पडतो. कार्तिक पौर्णिमा सामान्यतः नोव्हेंबरात येते. डिसेंबरची परीक्षा तिच्या पाठोपाठ. जी परिचारिका याच दिवसांत अभ्यास उरकण्याचा बेत करील, तिचे अपयश बुद्धीच्या उणिवेपेक्षा दिनदर्शिकेत शोधावे लागेल. तिने स्वाध्याय पावसाळ्यातच पुरे केले, अथवा एक जड विषय जूनकडे ढकलला, तर तेच वर्ष सुरळीत पार पडू शकते. शहरात आखलेले वेळापत्रक आणि गावाकडील सेवेचे वेळापत्रक यांतील ही विसंगती दूरशिक्षणाच्या विचारात क्वचितच जमेस धरली जाते.

अनुत्तीर्णतेचे तीन प्रकार यावरून वेगळे करता येतात : विषय न समजल्याचे, भाषा न उलगडल्याचे आणि वेळ न मिळाल्याचे. पहिल्यास पुन्हा अध्ययन, दुसऱ्यास परिभाषेचा सराव, तर तिसऱ्यास कामाच्या पाळ्यांची फेरआखणी लागते. गुणपत्रिकेवर तिघांचा आकडा सारखाच दिसत असल्याने विद्यार्थिनी बहुधा एकच उपाय करते, तो म्हणजे तीच पुस्तके पुन्हा त्याच रीतीने वाचणे. नापास झाल्यानंतरचे पहिले काम म्हणून आपले अपयश कोणत्या जातीचे, हे उत्तरांवरून व मार्गदर्शकाच्या साहाय्याने निश्चित करणे हे होय. दुसरे काम मुदतीचे गणित मांडण्याचे. परिषदेच्या नव्या सत्रपद्धतीत चार वर्षांची पदवी पुरी करण्यास कमाल आठ वर्षे मिळतात. ही मुदत प्रशस्त भासते. तथापि दरवर्षी एकेक विषय मागे राहत गेल्यास ती नकळत संपते.

२०२० च्या महासाथीत नियमित महाविद्यालयांचे वर्गही काही काळ पडद्यावर गेले. तात्त्विक भाग तेथे कसाबसा निभावला. रुग्णशय्येपाशी शिकावयाचे ते मात्र रुग्णशय्येपाशीच शिकावे लागले. सेवासदनाने ज्या गोष्टी एका छपराखाली आणल्या होत्या, त्या म्हणजे पूर्वतयारी, सोबत आणि वेळीच मिळणारी सूचना, यांची उणीव त्या काळात प्रकर्षाने जाणवली. दूरशिक्षणाने स्त्रीच्या घरापर्यंत पदवी नेली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पहिल्या स्वाध्यायातील चूक पाहून तिला त्याच आठवड्यात दोन ओळी लिहिणारा मार्गदर्शक जोवर तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तोवर अनुत्तीर्णतेचा भार एकट्या विद्यार्थिनीच्या माथी टाकणे इतिहासाच्या पुराव्यास धरून होणार नाही.