बंबाची शर्यत आणि पट्टीचा पैसा

खानदेशांत वैशाख तापला म्हणजे गांवोगांव आगीची धास्ती असते. सावद्यासारख्या गांवीं जुन्या वाड्यांचीं लांकडी माळवदें, कडब्याच्या गंजी आणि कापसाचे ढीग एखाद्या ठिणगीचीच वाट पाहत असल्यासारखे वाटतात. कोठें धूर दिसला कीं घागर, कळशी, बादली, जें हातीं लागेल तें घेऊन माणसें विहिरीकडे धांवतात. त्यांना कोणी मुशाहिरा देत नाहीं आणि आग विझल्यावर कोणी त्यांची मिरवणूकहि काढीत नाहीं. ह्याच खानदेशांत यात्रेच्या दिवशीं बारागाड्या ओढण्याचा सोहळा होतो. एकींत एक गुंतवलेल्या, माणसांनीं लादलेल्या त्या गाड्या भगताच्या मागून धांवूं लागल्या म्हणजे दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीचा जयघोष कोसभर ऐकूं जातो. आग विझविणें आणि गाडा पळविणें हीं दोन कामें आपल्याकडे कधीं एकत्र आलीं नाहींत. अमेरिकेंत तीं आलीं. आणि त्यांतून सार्वजनिक पैशाच्या विनियोगाचा जो वाद उत्पन्न झाला तो आजतागायत मिटलेला नाहीं.

न्यूयॉर्क शहरानें १७३१ सालीं लंडनहून दोन हातबंब मागविले. ते चालविण्यास माणसें हवींत म्हणून १७३७ सालीं वसाहतीच्या विधिमंडळानें कायदा करून शहरांतील धट्ट्याकट्ट्या आणि सचोटीच्या नागरिकांतून आग विझविणारे निवडण्याची व्यवस्था लावून दिली. त्यांना वेतन नव्हतें. त्याऐवजीं ज्यूरीचें काम, कॉन्स्टेबलकी आणि नागरी पलटणींतील सक्तीची चाकरी ह्यांतून माफी मिळे. फिलाडेल्फियांत बेंजामिन फ्रँक्लिननें अशीच एक मंडळी १७३६ सालीं उभी केली होती. येथें एक बारकावा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. न्यूयॉर्कांत बंब शहराचा, श्रम स्वयंसेवकांचे, आणि बंबावरील रंगकाम, चित्रें व रुप्याचीं कलाकुसर हीं पथकाच्या वर्गणीचीं. एकाच वस्तूवर असे तीन हक्क बसल्यावर ती वस्तु खरोखर कोणाची, हा प्रश्न केव्हां तरी निघावयाचाच होता.

बंब ओढीत नेण्यास घोडे नव्हते. माणसेंच दोर धरून पळत. साहजिकच दोन पथकें एकाच रस्त्याला लागलीं कीं शर्यत सुरू होई. पुढें १८४२ सालीं क्रोटनचें पाणी शहरांत आलें व रस्त्यांवर नळाचीं तोंडें बसलीं, तेव्हां चढाओढीला नवें निमित्त मिळालें. पथकाचा एखादा दांडगा गडी आधींच पुढें धांवत जाई, नळाच्या तोंडावर रिकामें पिंप पालथें घाली आणि आपला बंब येईपर्यंत त्यावर ठाण मांडून बसे. दुसऱ्या पथकानें त्यास उठवूं पाहिलें कीं मारामारी. पाणी दूर असलें म्हणजे बंबांची रांग लावीत. पहिल्यानें उपसलेलें पाणी दुसऱ्याच्या पेटींत, दुसऱ्याचें तिसऱ्याच्या. मागच्या पथकाचा जोर अधिक होऊन पुढच्याची पेटी भरून वाहूं लागली तर तें पथक 'धुतलें गेलें' असें म्हणत, आणि असें धुतलें जाणें म्हणजे वंशाला बट्टा लागावा इतकी लाजिरवाणी गोष्ट समजत. बाजूला घर जळत आहे, आणि इकडे कोणाची पेटी वाहिली ह्यावर हातघाई चालली आहे, असे प्रसंग त्या काळांत दुर्मिळ नव्हते.

तरी ह्या माणसांच्या धैर्याविषयीं शंका घेणें अन्यायाचें होईल. १८३५ च्या डिसेंबरांत लागलेल्या मोठ्या आगींत, नदीवरील बर्फ फोडून पाणी काढावें लागत असतां, त्यांनीं रात्रभर झुंज दिली. तरी सुमारें सातशें इमारती गेल्या. पुढच्याच वर्षीं नगरसभेनें त्यांचा मुख्य अधिकारी जेम्स गुलिक ह्यास काढून टाकलें, तेव्हां स्वयंसेवकांनीं सामुदायिक राजीनामे दिले आणि गुलिकला शहराच्या रजिस्टरच्या जागेवर मोठ्या बहुमतानें निवडून आणलें. फुकट काम करणाऱ्यास जाब विचारणें किती कठिण असतें, हें नगरसभेस त्या दिवशीं कळलें. राजकारणी पुरुषांनाहि एक गोष्ट त्याच वेळीं कळली: जो बंबाच्या दोराला हात घालतो त्याच्या हातीं मतेंहि येतात.

ती ज्यानें पुरेपूर ओळखली तो पुरुष म्हणजे विल्यम ट्वीड. 'अमेरिकस' ह्या सहा नंबरच्या पथकाचा हा नायक. त्याच्या बंबावर वाघाचें मुंडकें रंगविलेलें असे. १८५० सालीं दुसऱ्या पथकावर चाल केल्याबद्दल मुख्य अधिकारी अल्फ्रेड कार्सन ह्यानें त्यास कायमचें काढावें अशी मागणी केली. नगरसभेनें ती थोड्या मुदतीच्या निलंबनावर भागविली, आणि पुढच्याच वर्षीं ट्वीड त्याच नगरसभेवर निवडून गेला! पुढें ह्याच गृहस्थानें न्यूयॉर्कच्या तिजोरींतून कोट्यवधि डॉलर लांबविले आणि १८७८ सालीं तुरुंगांत प्राण सोडला. बंबावरचा तो वाघ थॉमस नास्टच्या व्यंगचित्रांतून त्याच्या पक्षाला कायमचा चिकटला. प्रत्येक पथक ट्वीड निपजवी असें नाहीं. परंतु हिशेब न मागितला जाण्याची संवय त्याला कोठें लागली असावी, ह्याचा अंदाज करण्यास फारशी कल्पनाशक्ति लागत नाहीं.

अखेर यंत्रानें निकाल केला. सिनसिनाटी शहरांत १८५१ सालीं एक गिरणी जळत असतांना पथकेंच आपसांत भिडलीं. १८५३ सालीं त्या शहरानें वाफेचा बंब व पगारी माणसें ठेविलीं. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळानें १८६५ सालीं शहरांतील स्वयंसेवक दळ बरखास्त केलें. मुंबईंत मुळांत असा प्रश्न आलाच नाहीं. तेथें आग विझविण्याचें काम आधीं पोलिसांच्या गळ्यांत होतें, आणि १८८७ सालीं पगारी दळ उभें राहिलें.

परंतु अमेरिकेच्या लहान गांवांतून स्वयंसेवक राहिले, आणि त्यांच्या शर्यतीहि राहिल्या. न्यूयॉर्क राज्यांतील स्वयंसेवकांची संघटना १८७२ सालची आहे. लाँग आयलंडवर ह्या शर्यतींनीं जें रूप घेतलें तें पाहून ट्वीडचे गडीहि थक्क झाले असते. तेथें शर्यतीसाठींच बांधलेल्या मोटारी आहेत. अनावश्यक तो सारा भार उतरविलेल्या आणि जबर इंजिनाच्या. गाडी भरधांव सुटते, गडी उड्या टाकतात, शिडी उभी राहते, एकजण सरसर टोंक गांठतो, आणि घड्याळ सेकंदाचा अंश मोजतें. पाहणाऱ्याचें भान हरपावें असा हा खेळ आहे, हें कबूल केलें पाहिजे. मात्र ती गाडी आगीवर कधींच जात नाहीं.

आणि येथेंच करदाता विचारतो कीं, मग तिचा खर्च माझ्या पट्टींतून कां? त्या भागांत आगीपुरता स्वतंत्र विभाग असतो. त्याचे पांच निवडून आलेले कमिशनर स्वतःची पट्टी बसवितात. आणि त्यांची निवडणूक डिसेंबरांत, इतर निवडणुकांपासून वेगळी, थोड्याशा मतदारांच्या हातून होते. शिवाय परप्रांतीय विमा कंपन्यांच्या हप्त्यांवर बसविलेल्या दोन टक्के कराचा वांटाहि ह्या मंडळ्यांकडे जातो. पथकाचे कैवारी म्हणतात, आम्ही रात्रीं-अपरात्रीं झोंप मोडून फुकट धांवतों. पगारी दळ ठेवाल तर याच्या कितीतरी पट पट्टी द्यावी लागेल. शर्यत नसेल तर तरुण पोरें येणार कोठून? ह्या बोलण्यांत तथ्य आहे. विरोधक म्हणतात, शर्यतीचा सराव शर्यत जिंकण्याचाच होतो, धुरांत शिरण्याचा नव्हे. आणि कोणी जायबंदी झाला तर त्याचाहि भार आमच्यावरच. ह्याहि बोलण्यांत तथ्य आहे.

कायद्यानें हा पेंच एका हेतुवाचक शब्दप्रयोगावर टांगून ठेवला आहे. जखमी स्वयंसेवकांना भरपाई देणाऱ्या न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणें, दळाची कार्यक्षमता वाढविण्याच्या हेतूनें भरविलेल्या बंबवाल्यांच्या शर्यतींत इजा झाली तर ती कर्तव्य बजावतांना झालेली समजतात. बेसबॉल, कुस्ती, रस्सीखेंच मात्र वगळली आहे. इतकेंच नव्हे, तर गाढवावर बसून खेळावयाचा बेसबॉलहि नांवानिशीं वगळला आहे! ज्या विधिमंडळाला गाढवांचा उल्लेख करावा लागला, त्यापुढें काय काय दावे आले असतील कोण जाणे. पण खरा वाद त्या 'हेतूं'तच आहे. शर्यतीनें कार्यक्षमता वाढते कीं नाहीं हें घड्याळ सांगत नाहीं, आणि हेतु काय होता हें तर पथकच सांगणार.

प्रस्तुत लेखकाचें मत विचाराल तर, स्वयंसेवकाला मौजेचा हक्क नाहीं असें म्हणणारा मनुष्य स्वतः कधीं घागर घेऊन धांवलेला नसावा. त्यास चांगलें अंगरक्षक कपडे, शिक्षण व विमा पट्टींतूनच द्यावा, आणि त्यांत कंजूषपणा करूं नये. परंतु शर्यतीची गाडी ही त्या जुन्या बंबावरील रुप्याच्या कलाकुसरीच्या जातीची वस्तु आहे, आणि ती पथकानें वर्गणीनेंच करावी, हा जुन्या न्यूयॉर्ककरांचा पायंडा मला अधिक नीतीचा वाटतो. बारागाड्यांच्या यात्रेची वर्गणी देणारा मनुष्य पुढच्या वर्षीं हात आखडता घेऊं शकतो. पट्टी देणाऱ्यास ती सोय नाहीं. पट्टी म्हणजे काय हें सावद्याला कोणी शिकवावयास नको. १८५२ सालीं जमिनीच्या नव्या मोजणीच्या वेळीं सारा वाढेल ह्या धास्तीनें तेथें दहा ते पंधरा हजार लोक गोळा झाले होते, आणि पायदळाची तुकडी येऊन तिनें म्होरके धरले तेव्हांच ते पांगले. महाराष्ट्रांत आतां २००६ च्या कायद्यानें अग्निशमनासाठीं वेगळें शुल्क बसविण्याचीहि तरतूद झालेली आहे, तेव्हां परक्या मुलखांतला हा तंटा अगदींच परका राहिलेला नाहीं.

लाँग आयलंडच्या शर्यतींत मोटारीवांचून होणारा एक जुना प्रकार अजून टिकून आहे. हौदांतून बादल्या भरून हातोहात शिडीवर चढवितात आणि वर ठेवलेल्या पिंपांत ओततात. त्यांत कोणाची गाडी किती दामाची हा प्रश्न नसतो. ज्यांचें पिंप आधीं भरून वाहतें ते जिंकतात.