फुकटच आहे, तर चार कशाला? (वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या निमित्ताने)

 

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. सुरक्षेचे अपडेट वर्षभर वाढवून घ्यायची सोय आहे, पण ते वर्षही सरणारच. आपल्या वाचनालयात चार कॉम्प्युटर आहेत, दहा-अकरा वर्षांचे. विंडोज ११ ला प्रोसेसर नवा लागतो, टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते. या चौघांत दोन्ही नाही. दुकानदार बघून म्हणाला, "भंगारात द्या." वाचनालयाला अनुदान किती आणि कधी येतं, ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको.

मग गावातलाच एक इंजिनिअरिंगचा पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला. लिनक्स टाकतो म्हणाला. ग्रंथपाल मॅडमना विचारलं, "डेस्कटॉप कोणता टाकू? ग्नोम, केडीई, एक्सएफसीई की माटे?" मॅडम म्हणाल्या, "अरे, फुकटच आहे तर एकच द्या ना. चार कशाला?"

प्रश्न चोख होता. उत्तर मला येत नव्हतं, म्हणून शोधत बसलो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. एसटीची चासी कंपनीकडून यायची आणि बॉडी दापोडीच्या वर्कशॉपात चढायची, हे जुन्या लोकांना आठवत असेल. लिनक्सचंही तसंच आहे. आतलं इंजिन एक, वरची बॉडी वेगळी. मेनू, खिडक्या, खालची पट्टी, फाइलींचे फोल्डर असं जे डोळ्यांना दिसतं, तो डेस्कटॉप. एकाच इंजिनावर वेगवेगळी बॉडी चढवता येते.

पहिली मोठी बॉडी जर्मनीत ठरली. १४ ऑक्टोबर १९९६ ला मथियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली. (तारीख बघा, विंडोज १० च्या शेवटाचीच, फक्त २९ वर्षं आधीची. निव्वळ योगायोग.) तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमचा चेहरा वेगळा, बटणं वेगळी. साध्या माणसाला पेलेल असा एकसारखा डेस्कटॉप हवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पण केडीई ज्या क्यूटी नावाच्या सामानावर उभं होतं, ते नॉर्वेच्या एका कंपनीचं. कोड वाचायला मिळे, पण बदल करून वाटायची मोकळीक नव्हती. उद्या कंपनीने हात वर केले तर? या काळजीतून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियन या स्वयंसेवकांच्या लिनक्सने परवान्याच्या कारणावरून केडीई बाहेरच ठेवलं. म्हणजे दोन डेस्कटॉप झाले ते हौसेने नव्हे, मालकीच्या भांडणातून. पुढे २००० मध्ये कंपनीने परवाना खुला केला आणि २००२ च्या डेबियन ३.० मध्ये केडीई आलं. भांडण मिटलं, पण दोन्ही डेस्कटॉप राहिले.

मग आलं उबुंटू, ऑक्टोबर २००४ मध्ये. त्याची सीडी टपालाने फुकट घरी यायची, हे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पहिल्या आवृत्तीत डेस्कटॉप एकच, ग्नोम. पण सहाच महिन्यांत, एप्रिल २००५ मध्ये केडीईवालं कुबुंटू आलं. २००६ मध्ये हलक्या एक्सएफसीईवालं झुबुंटू. २०११ मध्ये आणखी हलकं लुबुंटू अधिकृत झालं. आतलं इंजिन तेच, वरचा चेहरा आपल्या आवडीचा आणि मशीनच्या ताकदीचा.

खरी परीक्षा २०११ लाच झाली. एप्रिलमध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. खालची पट्टी गेली, ओळखीचा मेनू गेला. त्याच महिन्यात उबुंटूने स्वतःचा युनिटी डेस्कटॉप पुढे केला. वर्षानुवर्षं हात बसलेले लोक वैतागले. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे तक्रार करून काही काळ एक्सएफसीईवर गेला.

आपल्याकडे असं झालं की आपण काय म्हणतो? "वरून आलंय, घ्यावंच लागेल." तिथे मात्र अर्जेंटिनातल्या एका साध्या वापरकर्त्याने ग्नोमची सोडून दिलेली जुनी आवृत्ती उचलली, नाव बदललं आणि चालू ठेवली. तेच माटे. तिकडच्या एका पेयाच्या वनस्पतीचं नाव. २०१५ मध्ये उबुंटू माटे हीसुद्धा अधिकृत आवृत्ती झाली. आणि युनिटी? २०१७ मध्ये कंपनीने ते सोडलं, तर लोकांनी तेही उचललं. २०२२ मध्ये उबुंटू युनिटी अधिकृत यादीत आलं.

पण सगळंच गोड नाही. २०१२ मध्ये कंपनीने कुबुंटूसाठी पगारी माणूस देणं थांबवलं. दुसऱ्या पुरस्कर्त्याने हात दिला म्हणून ते टिकलं. लिनक्स मिंटने आपली केडीई आवृत्ती १८.३ नंतर बंदच केली. रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्समधून २०१९ ला केडीई गेलं. उलट फेडोराने एप्रिल २०२५ मध्ये केडीईला मुख्य आवृत्तीचा मान दिला, कारण वर्षानुवर्षं कुणीतरी तिथे राबत होतं.

तर मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. चार आहेत, कारण प्रत्येकामागे "हे मी सांभाळतो" म्हणणारी माणसं आहेत. परवाना खुला असला की सोडलेली वस्तू उचलायचा हक्क मिळतो. पण उचलणारा नसेल तर हक्क कागदावरच राहतो. आपल्या गावातल्या बंद पडलेल्या संस्था आठवा. नियम कुठे आड आला होता? माणूस मिळाला नव्हता.

वाचनालयात शेवटी एक्सएफसीई बसलं. हलकं आहे, खाली पट्टी आहे, मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं दोन दिवसांत सरावली. तक्रार एकच, घड्याळ उजवीकडे हवं होतं. तेही सरकवता आलं.

तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत असे कॉम्प्युटर असतील तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. तसं चालवताना आतल्या डाट्याला धक्का लागत नाही. प्रिंटर चालतो का, डिजिटल सहीचं डोंगल चालतं का, जुन्या फॉन्टमधल्या फायली उघडतात का, हे आधी तपासा. एखादं अडलं तर तेवढ्यापुरतं एक मशीन विंडोजवर ठेवा. बाकीची वाचतील.

आणि हो, तो पोरगा पुढच्या वर्षी नोकरीला पुण्याला जाणार आहे. त्याच्यानंतर हे चार कॉम्प्युटर कोण बघणार? वाचनालयात यायची तयारी असेल त्याने खाली लिहा. शिकवायला तो तयार आहे.