शास्त्रातला समुद्र आणि आपला दर्या

हिब्रू भाषेत समुद्राला ‘याम’ म्हणतात. दोन अक्षरांचा हा शब्द. पण जुन्या कराराची पाने उलटताना तो किती निरनिराळ्या अर्थांनी भेटतो हे पाहिले म्हणजे नवल वाटते. याम म्हणजे समुद्र, याम म्हणजे सरोवर, याम म्हणजे पश्चिम दिशा. आणि यरुशलेमच्या मंदिरातील एका प्रचंड धातुपात्राचे नावही यामच. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या समाजाने या शब्दाकडे थोडे निरखून पाहावे, असे मला वाटते. कारण मिस्सामध्ये वाचला जाणारा समुद्र आणि आपल्या ओळखीचा समुद्र हे नेहमीच एक नसतात.

पश्चिमेला याम का म्हणत, हे समजायला नकाशा पुरे. पॅलेस्टाईनच्या पश्चिमेस भूमध्य समुद्र पसरलेला आहे. निर्गमाच्या दहाव्या अध्यायात मिसर देशावरील टोळधाड उडवून नेणारा वारा हा मूळ भाषेत ‘यामचा वारा’, म्हणजे पश्चिमेचा वारा आहे. आणि त्याच वाक्यात तो टोळांना ज्या तांबड्या समुद्रात लोटतो त्याचे नाव ‘याम सूफ’, म्हणजे लव्हाळ्यांचा समुद्र. एकाच वाक्यात एकच शब्द एकदा दिशा होतो, एकदा पाणी. आपला ‘पश्चिम’ हा शब्द मात्र ‘पश्चात्’पासून आला, म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेल्या माणसाच्या पाठीमागची दिशा. गंमत अशी की हिब्रू माणूसही पूर्वेकडे तोंड करूनच दिशा मोजी. म्हणून भूमध्य समुद्राला तो ‘मागला समुद्र’ असेही म्हणे.

गालीलचा समुद्र म्हणजे खरे पाहता गोड्या पाण्याचे सरोवर. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी सुमारे १३, आणि पातळी समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली. मत्तय, मार्क आणि योहान त्याला समुद्र म्हणतात. लूक मात्र कटाक्षाने सरोवर म्हणतो. ग्रीक वाचकांसाठी लिहिणाऱ्या या सुशिक्षित माणसाला खरा समुद्र ठाऊक होता. प्रेषितांच्या कृत्यांतील पौलाच्या जहाजफुटीचे वर्णन वाचले की याविषयी शंका उरत नाही. संत पेत्राच्या घरच्या लोकांना मात्र ते सरोवरच समुद्र होते. त्यांची जाळी तिथेच पडत आणि वादळही तिथेच गाठी.

शलमोनाच्या मंदिरातील ‘ओतीव समुद्रा’ची हकिगत मोठी करुण आहे. बारा बैलांच्या मूर्तींवर ठेवलेले, दहा हात व्यासाचे आणि पाच हात उंचीचे हे पात्र याजकांच्या शुद्धीसाठी होते. पुढे आहाज राजाने ते बैलांवरून उतरवून दगडी चौथऱ्यावर ठेवले. इ. स. पूर्व ५८७च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम लुटले, तेव्हा हा ‘समुद्र’ फोडून त्याचा धातू वाहून नेण्यात आला.

इतके असूनही इस्राएली लोक दर्यावर्दी नव्हते. किनारा पलिष्टी आणि फिनिकी लोकांच्या हाती, इस्राएल डोंगरावर. शलमोनाने गलबते बांधली खरी, पण ती चालवायला सोरच्या हिराम राजाचे खलाशी लागले. यहोशाफाटाची गलबते तर बंदरातच फुटली. अशा डोंगरी, मेंढपाळी समाजाला समुद्र म्हणजे अनावर, अंधाऱ्या शक्तीचे रूप वाटला तर त्यात आश्चर्य नाही. उत्तर सीरियात उगारित येथे १९२९पासून झालेल्या उत्खननात ज्या मृत्तिकापट्ट्या सापडल्या, त्यांत ‘याम’ नावाचा देवच बआलाशी लढताना दिसतो. शास्त्राने त्या समुद्राचे देवपण काढून घेतले. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर समुद्राला मर्यादा घालून देतो, तान्ह्या मुलाला गुंडाळावे तसे ढगांत गुंडाळतो. तरी भीती उरलीच. दानीएलाच्या दृष्टान्तातील चार श्वापदे समुद्रातूनच वर येतात.

मराठीलाही समुद्राचे भय परके नाही. ‘काळे पाणी’ आणि ‘सातासमुद्रापलीकडे’ या शब्दांत ते आजही आहे. पण संतांनी घडवलेली ‘भवसागर’ ही कल्पना निराळी. तिथे समुद्र शत्रू नसतो. तो तरून जायचा असतो. मराठी ख्रिस्ती भजनांत हा शब्द सहज रुळला. ज्या मराठी पुराणाने आपल्या वाङ्मयाची पायाभरणी केली, त्याचा कर्ता तर खरोखरच समुद्र तरून आला होता. फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. वडिलांना त्यांनी लिहिलेल्या पत्रात त्या साडेसहा महिन्यांतील वारा, पक्षी, मासे आणि हिरड्या सुजवणारा खलाशांचा आजार यांचे वर्णन आहे. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले.

पवित्र मरियेला ‘समुद्रतारा’ म्हणण्याची प्रथा तर बहुधा एका अक्षराच्या बदलातून आली. इ. स. ३९०च्या सुमारास संत जेरोम यांनी हिब्रू नावांचे अर्थ देताना मरिया या नावाचा एक अर्थ लॅटिनमध्ये ‘स्तिला मारिस’, म्हणजे ‘समुद्राचा थेंब’, असा दिला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. नकलकारांच्या हातून ‘स्तिला’चे ‘स्तेला’ झाले. थेंबाचा तारा झाला. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी या ताऱ्यावर प्रवचन केले आणि नाव कायमचे रूढ झाले. शब्दकोशाच्या दृष्टीने ही चूक असेल, पण खलाशाच्या दृष्टीने नाही. थेंबाकडे पाहून कोणी तारू हाकारत नाही! खलाशांची सेवा करणारी, १९२०मध्ये ग्लासगो येथे सुरू झालेली कॅथोलिक संस्था २०२०पासून ‘स्तेला मारिस’ याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमावलीची मूर्ती समुद्रात एका कोळ्याला सापडली, अशी आख्यायिका आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात योहान नवे आकाश आणि नवी पृथ्वी पाहतो, आणि तिथे समुद्र उरलेला नसतो. हा उतारा अंत्यविधीच्या मिस्सामध्ये वाचला जातो. डोंगरावरच्या माणसाला यातून दिलासा मिळावा; पण ज्या घराची चूल समुद्रावर पेटली, त्या घरातल्या म्हाताऱ्या कोळ्याच्या शवपेटीपुढे हे शब्द ऐकताना काय वाटत असेल? धर्मगुरूंनी अशा वेळी, तिथला समुद्र म्हणजे श्वापदांचा, दुष्टाईचा समुद्र, आपला दर्या नव्हे, एवढे दोन शब्दांत सांगावे. त्याच ग्रंथात सिंहासनापुढे स्फटिकासारखा नितळ, काचेचा समुद्र आहेच.

आणि जमल्यास एक पान मागे जावे. विसाव्या अध्यायात, न्यायाच्या वेळी, समुद्र आपल्यातले मृत परत देतो. वादळात होडी गेली आणि देहही हाती आला नाही, अशी घरे किनाऱ्यावरच्या गावांत आहेत. तिथे कबरीवर क्रूस उभा करायला जागा नसते. योहानाने समुद्र नाहीसा झालेला पाहिला तो त्यानंतर, सगळे परत दिल्यावर.