देवाच्या नावाचे खाते

देवालयाचा जीर्णोद्धार काढला की पहिला प्रश्न पैशाचा येतो आणि दुसरा हिशेबाचा. पहिल्या प्रश्नापुरती मंडळी उदार असतात; दुसऱ्यापाशी मात्र पुष्कळ ठिकाणी गाडे अडते. तमिळनाडूतील नगरत्तार ऊर्फ नाट्टुकोट्टै चेट्टियार या व्यापारी समाजाने हे दोन्ही प्रश्न फार पूर्वी एकदमच सोडविले. त्यांची हकीकत देणगीदार व ग्रामस्थ या दोघांनीही वाचावी अशी आहे.

कारैक्कुडी व देवकोट्टै या गावांभोवतालचा कोरडा मुलूख म्हणजे चेट्टिनाड. आपले पूर्वज कावेरीच्या मुखाशी असलेल्या कावेरीपूमपट्टिनम या बंदरातून येथे आले, असे हा समाज परंपरेने मानतो. त्यांची मूळ देवळे नऊ असून त्यांवरूनच समाजाचे नऊ गट पडले आहेत. आपल्याकडे सोयरीक जुळविताना गोत्र पाहतात, तसे तेथे देऊळ पाहतात. त्या नवांपैकी पिळ्ळैयारपट्टी येथे डोंगरात कोरलेला द्विभुज गणपती आहे. त्याच्या दर्शनास सर्व जातींचे भाविक लोटतात.

लग्न ठरले की देवळातून हार येतो व नव्या जोडप्याची नोंद देवळाच्या वहीत होते. अशा जोडप्यास ‘पुळ्ळी’ म्हणतात. पुळ्ळी म्हणजे ठिपका. मुलगा बापाच्याच वाड्यात राहिला तरी लग्नानंतर त्याची चूल निराळी आणि देवळाची वर्गणीही निराळी! एक वर्गणी दर पुळ्ळीमागे सारखी, तर दुसरी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. त्यामुळे धनिकावर जास्त भार पडतो खरा, पण गरिबाचे नावही त्याच वहीत आणि तितक्याच हक्काने येते. घरटी वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या गावकऱ्यांना ही युक्ती सहज पटेल.

सतराव्या शतकात या समाजातील मिठाचे व्यापारी पळनीच्या बाजारी जाऊ लागले, तेव्हा नफ्यातील काही भाग तेथील मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, नावे काढून ठेवीत. थैपूसमच्या उत्सवास चेट्टिनाडहून पळनीस पायी जाण्याची त्यांची प्रथा आजही चालू आहे. पुढे पेढ्या वाढल्या तशी ‘मगमै’ नावाची पट्टी रूढ झाली. व्यवहार झाला की ठरलेल्या दराने देवाचा वाटा वहीत मांडावयाचा. आपण वहीच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितो, ते गणपतीची खूण काढतात. पण त्यांचे वैशिष्ट्य त्या खुणेत नसून खालच्या आकड्यांत आहे. देवाची रक्कम ही मर्जीची देणगी न राहता पेढीचे देणे ठरली, आणि देणे म्हटले की ते मागता येते, तपासताही येते.

एकोणिसाव्या शतकात हे लोक सिलोन, मलाया व ब्रह्मदेशात गेले. जेथे पेढी तेथे मुरुगनाचे देऊळ, हा क्रमच होता. सिंगापूरच्या टँक रोडवरील देऊळ १८५९ सालचे आहे. रंगूनच्या मुघल स्ट्रीटवर तर चालू व्याजाचा दर देवळातील बैठकीतच ठरत असे. देवासमोर ठरलेला दर मोडण्यास सहसा कोणी धजत नसे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, ब्रह्मी कुळांना कर्जे फिटेनात, आणि १९३७-३८ पर्यंत दक्षिण ब्रह्मदेशातील प्रमुख भातजिल्ह्यांची सुमारे चतुर्थांश जमीन चेट्टियारांच्या हाती आली. देवाचा वाटा काटेकोरपणे काढणाऱ्या पेढ्यांची कुळे भूमिहीन झाली, हे झाकण्यात अर्थ नाही. तो रोष पुढे भोवला. १९४२ साली जपानी आले, १९४८ मध्ये जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला, आणि १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर उरलेसुरलेही गेले. ब्रह्मी सागवानाचे खांब असलेले चेट्टिनाडचे कित्येक वाडे आज कुलूपबंद आहेत.

या धनातून चिदंबरमसारख्या थोर क्षेत्री जीर्णोद्धार झाले. मात्र काही ठिकाणी नव्या घडीव दगडाच्या हौसेने जुने चोळकालीन बांधकाम उतरविले गेले आणि त्याबरोबर शिलालेखही नाहीसे झाले. जुना चिरा हलविण्यापूर्वी त्यावर काही कोरलेले आहे काय, एवढे पाहण्यास खर्च तो कितीसा! विद्येकडेही त्यांचे लक्ष होते. अण्णामलै विद्यापीठ १९२९ चे. तर अळगप्पा चेट्टियार यांनी कारैक्कुडीच्या विद्युत-रसायन संशोधन संस्थेसाठी ३०० एकर जमीन व १५ लाख रुपये दिले.

काशीस या समाजाचे छत्र १८१३ पासून आहे. विश्वनाथाचे ते देऊळ १७८० साली चौंडीच्या लेकीने, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी, उभारले. त्या देवळात रोजच्या पूजेचे दूध, बेल, फुले व चंदन चेट्टियारांच्या छत्रातून जाते. ‘शंभो, महादेवा’ असा पुकारा करीत माणसे ते गल्लीतून वाहून नेतात. आणि त्याचा खर्च कारैक्कुडीकडील पुळ्ळ्यांच्या पैशातून येतो.